कल्पनेच्या दारावरची पाटी: ‘ययाती’ ते असीरगड

मार्च २०२५मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटरीच्या उजेडात मुघली नाणी शोधत माती उकरत होते. बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून सुरू होणारा, संभाजीराजांवरचा ‘छावा’ चित्रपट १४ फेब्रुवारीला लागला होता. सगळा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. महामार्गाच्या कामातून आलेल्या मातीत नाणी असल्याची अफवाही होतीच. पण पडद्यावरच्या खजिन्याने त्या अफवेला बळ दिले. दुसऱ्याच्या कथेवर किंवा इतिहासावर आपली कथा रचणाऱ्याने वाचकाला आधी काय सांगावे, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर यायला हवा होता. फॅन फिक्शन लिहिणाऱ्यांनी तो फार गंभीरपणे घेतला आहे. २००९मध्ये खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहात तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू अशा चार गोष्टींचे इशारे ठरलेले आहेत. लेखकाला ते द्यायचे नसतील, तर ‘इशारे दिलेले नाहीत’ एवढे तरी जाहीर करावे लागते. मूळ कथेपासून फारकत घेतली असेल, तर तसा टॅग लावायची रीत आहे.

ही रीत मराठीला नवी नाही. खांडेकरांची ‘ययाती’ १९५९ची. महाभारतातले मूळ उपाख्यान आपण आपल्या कल्पनेने घडवले आहे, हे त्यांनी वाचकापासून लपवले नाही. रणजित देसाईंनी १९७३मध्ये ‘राधेय’च्या आरंभीच बजावले की या कर्णाला महाभारतात शोधू नका. त्याने ‘राधेय’ची गोडी तसूभरही कमी झाली नाही. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ची, आणि मुखपृष्ठावरचा ‘कादंबरी’ हा शब्द तिथे पाटीचे काम करत होता. पुस्तक पडद्यावर गेले की ही पाटी गळून पडते. तिच्या जागी येते ते भरभर सरकणारे सरसकट अस्वीकरण, जे सगळ्यालाच लागू असल्याने काय कल्पित आणि काय घडलेले, हे कळू देत नाही.

पाटीने रसभंग होतो, असा आक्षेप येतो. पण संभाजीराजांचा शेवट मराठी घरात कोणाला ठाऊक नसतो? रस ‘काय’मध्ये नसून ‘कसे’मध्ये असतो, म्हणूनच तर लोक कर्णाची कथा पुन्हा पुन्हा वाचतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दुखावलेल्यांचे पाटीने समाधान होत नाही. ‘छावा’ चित्रपटातला लेझीमचा प्रसंग प्रदर्शनाआधीच कापावा लागला, शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हे खरे आहे, आणि पाटी ही ढाल म्हणून वापरूही नये. कोणाच्या पूर्वजांवर ठपका ठेवायचा तर पुराव्याची जबाबदारी उरतेच. पण हरकत न घेणारा, निमूटपणे विश्वास ठेवणारा प्रेक्षक संख्येने कितीतरी मोठा असतो. त्याच्याशी प्रामाणिक राहणे लेखकाच्या हातात आहे. बुऱ्हाणपूरपुरते बोलायचे तर पाटी अशी झाली असती: छापा १६८१चा, लूट मुख्यतः तटाबाहेरच्या बहादुरपुऱ्याची, तटाच्या आतले शहर वाचले, चित्रपटातली सिंहाशी झुंज कल्पित. एवढे वाचायला दहा सेकंद पुरले असते.