योगशिक्षक योगाकडे कसे आले?

योगवर्गात नाव घालायचे ठरले की फी किती, वेळ कोणती आणि वर्ग स्टेशनपासून किती लांब, एवढी चौकशी आपण करतो. मुलुंड-घाटकोपरहून सकाळची लोकल गाठणाऱ्याला किंवा अंधेरी-बोरिवलीत घर व नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीला हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु एक प्रश्न बहुधा राहून जातो. आपले शिक्षक स्वतः योगाकडे कसे आले? कोणी आजारातून येतो, कोणी आखाड्यातून, तर कोणी गुरूच्या ओढीने. शिक्षक ज्या वाटेने आला तिचा ठसा त्याच्या शिकवण्यावर उमटतो. तो ओळखता आला तर विद्यार्थ्याचा फायदा होतो आणि पुष्कळदा इजाही टळते. तीन थोर शिक्षकांच्या उदाहरणांवरून हे पाहू.

वर्सोव्यातील सुरुवात

श्री योगेंद्र यांचे मूळ नाव मणिभाई देसाई. जन्म १८९७ चा, गुजरातमधला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकणाऱ्या या व्यायामप्रेमी तरुणाचा साधू-बैराग्यांवर फारसा विश्वास नव्हता. १९१६ मध्ये मुंबईतच त्यांची परमहंस माधवदासजींशी भेट झाली आणि शिक्षण सोडून ते त्यांच्या मागे गेले. मात्र त्यांनी संन्यास घेतला नाही. २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजी यांच्या घरात, त्यांनी 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. म्हणजे आजच्या अंधेरीजवळच हे काम प्रथम उभे राहिले. पुढे ही संस्था सांताक्रूझला आली. योगेंद्रजींनी १९२७ मध्ये विवाह केला. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. स्वतः संसारात राहिल्यामुळे संसारी माणसाला झेपतील अशी सुटसुटीत आसने शिकवण्यावर त्यांचा भर राहिला.

क्ष-किरणांपुढे योग

माधवदासजींचे दुसरे शिष्य म्हणजे स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा पाया व्यायामशाळेचा. बडोद्याला प्रा. माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले होते. योगाचा अनुभव आला तेव्हा, 'हे शरीरात नेमके कसे घडते?' असा प्रश्न त्यांनी विचारला. क्ष-किरण आणि दाब मोजण्याची साधने वापरून त्यांनी उड्डियान व नौली यांचा अभ्यास केला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योग मीमांसा' हे नियतकालिक काढले. प्राणायामात प्राणवायू अधिक शोषला जातो म्हणून त्याचे महत्त्व, हा प्रचलित समज त्यांच्या मोजमापांत टिकला नाही. तो त्यांनी सोडून दिला, पण प्राणायाम सोडला नाही. चांगल्या शिक्षकाचे हे लक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आजारी मुलगा

बी. के. एस. अय्यंगार यांची वाट अगदी वेगळी. जन्म १९१८ चा, कर्नाटकातील बेल्लूरचा. लहानपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. १९३४ च्या सुमारास मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांनी त्यांना म्हैसूरला नेले. आरंभी हा मुलगा काही करू शकेल असे गुरूंनाही वाटत नव्हते. प्रकृती सुधारायला काही वर्षे लागली. १९३७ मध्ये ते शिकवण्यासाठी पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. ताठर किंवा दुबळ्या शरीरालाही आसन साधावे म्हणून त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे व खुर्ची यांचा वापर रूढ केला.

आपण काय घ्यावे?

या तिघांची वाट वेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे. कोणालाही पंधरा दिवसांत गुण आला नाही. गुरूजवळ राहून, वर्षानुवर्षे सराव करून ते शिकले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिक्षकाचा अनुभव हे आपले औषध नव्हे. 'मी असा बरा झालो, तुम्हीही व्हाल' असे कोणी सांगितले तर त्याचा हेतू चांगला असेल, पण तेवढ्यावर गोळ्या बंद करू नयेत. अय्यंगारांच्या लहानपणी क्षयावर परिणामकारक औषध नव्हते. आज साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होऊ शकतो आणि ती औषधे पूर्ण घ्यावीच लागतात. मधुमेह व रक्तदाब यांतही योगाची मदत होते, मात्र औषधाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.

वर्गात नाव घालण्यापूर्वी शिक्षकांना पुढील गोष्टी विचाराव्यात:

१. आपण कोणाकडे आणि किती वर्षे शिकलात?

२. माझे आजार, शस्त्रक्रिया व औषधे यांची माहिती आपण घेणार का?

३. एखादे आसन जमले नाही तर त्याऐवजी काय करायचे?

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा विकार असणाऱ्यांनी शीर्षासन करू नये. हृदयविकार असल्यास श्वास रोखून धरू नये. कंबरेची चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसने टाळावीत. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर्गाला जाऊ नये. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. आसन करताना कळ आली, चक्कर आली किंवा धाप लागली तर तेथेच थांबावे.

जे शिक्षक आपल्या आजाराची चौकशी करतात, जमत नाही तेथे थांबवतात आणि प्रसंगी 'हे डॉक्टरांना दाखवा' असे सांगतात, त्यांच्याकडे निःशंक मनाने जावे. मग वर्ग घरापासून थोडा लांब असला तरी चालेल.