घरचा साबण : आधी वजन, मग सुगंध

नारळाचे तेल, चिमूटभर हळद, कडुनिंबाचा पाला आणि हौस एवढ्या भांडवलावर घरी साबण होतो, असे सांगणारे व्हिडिओ हल्ली घरोघरी पाहिले जातात. साबण होतो, हे खरे आहे. तो चांगलाही होऊ शकतो. मात्र या यादीतला एक पदार्थ बरेचदा घाईघाईत उरकला जातो. तो म्हणजे कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्याशिवाय साबणाची वडी तयारच होत नाही. त्यामुळे ‘केमिकल-फ्री साबण’ ही गोष्ट अस्तित्वात नाही. सोड्याचे प्रमाण बरोबर असेल, तर तयार साबणात तो शिल्लक राहत नाही. प्रमाण चुकले, तर तोच सोडा अंगाला लागतो.

तेलाचा साबण कसा होतो?

तेल असो वा तूप, त्यात ग्लिसरीनला जोडलेली मेदाम्ले असतात. सोडा ही जोडणी तोडतो. मेदाम्ल आणि सोडा मिळून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. मेदाची ही रचना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी उलगडली आणि १८२३मध्ये आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले. ‘कोल्ड प्रोसेस’ पद्धतीत मिश्रण चुलीवर शिजवत नाहीत, म्हणून हे नाव. पण नावातल्या ‘कोल्ड’वर जाऊ नये. सोडा पाण्यात पडताच ते पाणी आपोआप ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते.

हीच क्रिया शरीरावरही घडते, हे नवख्याने आधी समजून घ्यावे. त्वचा, डोळा, अन्ननलिका यांच्या पेशींतही मेद आणि प्रथिने असतात. आम्लाने भाजले तर वरचा थर बहुधा गोठतो आणि आम्लाला पुढे जाण्यास काहीसा अडथळा होतो. सोडा मात्र मेद आणि प्रथिने विरघळवत आत उतरत जातो. म्हणून सुरुवातीला किरकोळ वाटलेली इजा पुढच्या काही तासांत खोल गेलेली आढळते.

प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा

एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी किती सोडा लागतो, याचा आकडा तेलागणिक बदलतो. नारळाच्या तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, तर एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम सोडा लागतो. या फरकावरच साबणाची कृती उभी असते.

नवख्यांसाठी ५०० ग्रॅम तेलांचे एक साधे उदाहरण घेऊ. नारळ तेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम. यांना अनुक्रमे ३६.६, ३४ आणि ६.४ ग्रॅम, म्हणजे एकूण ७७ ग्रॅम सोडा लागेल. पण पूर्ण ७७ ग्रॅम घालायचा नसतो. तेलाचा दर्जा थोडा इकडेतिकडे असतो, काट्यातही फरक पडतो. म्हणून पाच टक्के सोडा मुद्दाम कमी घेतात. तो होतो ७३ ग्रॅम. यामुळे थोडे तेल साबण न होता मागे राहते. ते सुरक्षिततेचे अंतर असते आणि त्वचेलाही बरे वाटते. पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १४६ ग्रॅम घ्यावे.

आता समजा, ऐनवेळी नारळाचे तेल संपले आणि त्याऐवजी सगळे शेंगदाणा तेलच घातले. ४५० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम एरंडेल यांना मिळून ६७.६ ग्रॅमच सोडा लागतो. भांड्यात मात्र ७३ ग्रॅम आहे. म्हणजे पाच ग्रॅमहून अधिक सोडा तसाच मोकळा राहील आणि ती वडी अंग भाजेल. भाजीत तेल बदलले तर चव बदलते, इथे तेल बदलले तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हा हिशेब करून देणारी ‘लाय कॅल्क्युलेटर’ नावाची साधने उपलब्ध आहेत. कोणाचीही कृती वापरण्याआधी त्यावर पडताळून पाहावी.

दुसरी नेहमीची चूक वाटीने मोजण्याची. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पाव लिटर म्हणजे २५० ग्रॅम धरले, तर प्रत्यक्षात तेल २३० ग्रॅमच्या आतबाहेर पडते आणि सोडा जास्त ठरतो. तेल, पाणी, सोडा सगळे एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर तोलावे. लहान प्रमाणात चूक अधिक महागात पडते, म्हणून ५०० ग्रॅमपेक्षा कमी तेलाने सुरुवात करू नये.

सोडा कोणता, भांडे कोणते?

खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा हे तीन वेगळे पदार्थ आहेत. साबणाच्या वडीसाठी शेवटचाच चालतो. तो शुद्धता लिहिलेल्या सीलबंद डब्यातला घ्यावा. मोरी साफ करण्याची पावडर वापरू नये, तिच्यात इतर रसायने आणि कधी अॅल्युमिनियमचे कण असतात.

भांड्याबाबत आपल्या स्वयंपाकघरात विशेष जपायला हवे, कारण अॅल्युमिनियमची पातेली सर्रास असतात. सोड्याची अॅल्युमिनियमशी क्रिया होऊन हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो आणि भांडेही खाल्ले जाते. जस्ताचा मुलामा किंवा कल्हई असलेली भांडीही नकोत. चांगले स्टेनलेस स्टील किंवा उष्णता सोसणारे जाड प्लॅस्टिक वापरावे. काचेचे भांडे तडकू शकते. साबणासाठी वापरलेली भांडी, चमचे पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

कृती करताना

हातात लांब रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बंद चपला आणि डोळ्यांवर बाजूनेही बंद असलेला सुरक्षा चष्मा हवा. रोजचा चष्मा पुरेसा नाही. ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि निघणाऱ्या वाफेवर तोंड नेऊ नये.

आधी भांड्यात गार पाणी घ्यावे आणि त्यात सोडा थोडा थोडा सोडून ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. द्रावण कोमट झाले की ते कोमट तेलात बारीक धारेने ओतावे. हँड ब्लेंडर मध्ये मध्ये थांबवत फिरवावा आणि त्याचे पाते मिश्रणात बुडालेले असतानाच सुरू करावा. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके दाट झाले आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर टिकली, की ते साच्यात ओतावे.

एक-दोन दिवसांनी वडी मोजे घालूनच काढावी आणि कापावी. त्यानंतर हवेशीर जागी चार ते सहा आठवडे वाळू द्यावी. सोड्याची क्रिया बहुतांशी पहिल्या काही दिवसांत संपते. पुढच्या काळात पाणी उडून वडी घट्ट आणि सौम्य होते. वडीवर तेलाचे किंवा पाण्याचे थर सुटले, आत पांढरे कडक खडे दिसले किंवा ओल्या वडीवर लावलेल्या पीएच पट्टीने ११ किंवा त्याहून अधिक आकडा दाखवला, तर ती वापरू नये. जीभ लावून पाहण्याची पद्धत सांगितली जाते, ती टाळावी.

पहिल्या खेपेला लिंबाचा रस, दूध, मध काही घालू नये. लिंबाचे आम्ल सोडा खाऊन टाकते. दूध आणि मधातल्या साखरेमुळे मिश्रण जास्त तापते, कधी साच्यातून उतू जाते. दालचिनी किंवा लवंगेच्या तेलाने त्वचेची आग होऊ शकते.

साबणाकडून किती अपेक्षा?

उत्तम जमलेल्या साबणाचाही पीएच साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचा पाचच्या आसपास, किंचित आम्लधर्मी असते. म्हणून घरचा साबण सर्वांनाच मानवेल असे नाही. तान्ही बाळे, इसब असलेले आणि फार कोरडी त्वचा असलेले यांनी त्याचा आग्रह धरू नये. इतरांनीही आधी काही दिवस हाताच्या छोट्या भागावर वापरून पाहावा. कडुनिंब घातले म्हणून साबणाने गजकर्ण बरे होत नाही आणि हळदीने वर्ण उजळत नाही. साबण मळ काढतो, तेवढे त्याचे काम. तो विकायचा विचार असेल, तर सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो.

अपघात झालाच तर

त्वचेवर कोरडा सोडा पडल्यास आधी तो झटकून काढावा, भिजलेले कपडे उतरवावेत आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून लगेच, सलग अर्धा तास साध्या पाण्याने धुवावे आणि त्यानंतर तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रुग्णालय गाठण्याच्या घाईत धुणे टाळू नये, दृष्टी वाचण्यात पहिल्या मिनिटांचा वाटा मोठा असतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावून सोडा ‘मारू’ नये, त्यात वेळ जातो आणि उष्णता निर्माण होते.

पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड पाण्याने खळखळून टाकावे, लिंबूपाणी, दूध असे काही पाजू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सोड्याचा डबा सोबत न्यावा. ओठ-तोंड ठीक दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. आत इजा असू शकते आणि काही आठवड्यांनी अन्ननलिका आक्रसून घास उतरेनासा होऊ शकतो. अशा मुलांना नळी रुंद करण्यासाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात यावे लागते.

कोरडा सोडा साखरेसारखा दिसतो आणि निवळलेले द्रावण पाण्यासारखे. ते पेल्यात किंवा पाण्याच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नये. उरलेला सोडा मूळ डब्यातच, नाव लिहून, कुलपात ठेवावा. घरात लहान मूल असेल आणि एवढी व्यवस्था जमणार नसेल, तर साबणाचा तयार बेस आणून तो वितळवावा आणि साच्यात ओतावा. त्यात सोडा हाताळावा लागत नाही, आणि रंग-सुगंधाची हौसही भागते.