कागदावर साफ, झाकणावर गंज

अणुवीज केंद्राच्या सुरक्षेची चर्चा बहुधा भूकंप, त्सुनामी किंवा घातपात यांभोवती फिरते. नियामक संस्थांच्या रोजच्या कामाचा मोठा भाग मात्र वेल्डिंगचे सांधे, पाइपांची जाडी, झडपांची गळती आणि गंज अशा नीरस बाबींनी व्यापलेला असतो. या नीरस कामात कसूर झाली तर परिस्थिती कोणत्या थराला जाऊ शकते, याचा दाखला अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी असलेल्या डेव्हिस-बेसी केंद्रात २००२ मध्ये मिळाला. तेथे ना स्फोट झाला ना किरणोत्सार बाहेर पडला, त्यामुळे चेर्नोबिल किंवा फुकुशिमाप्रमाणे हे नाव सर्वतोमुखी झाले नाही. तपासणी आणि नियमन या विषयांच्या अभ्यासकांना मात्र ते चांगलेच परिचित आहे.

सुमारे ९०० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रातील अणुभट्टी ‘दाबजल’ प्रकारची आहे, म्हणजे तिच्यातील पाणी ३०० अंश सेल्सियसच्या वर तापले तरी उकळू नये म्हणून ते वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाबाखाली ठेवलेले असते. हा दाब पेलणाऱ्या जाड पोलादी भांड्याला दाबपात्र म्हणतात. त्याच्यावर साडेसहा इंच जाडीचे घुमटाकार झाकण असून त्या झाकणातून आरपार ६९ नळ्या बसवलेल्या होत्या, आणि अणुविभाजनाचा वेग आवरणारे नियंत्रक दांडे याच नळ्यांतून खालीवर होत असत. पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेले असते, कारण त्यातील बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो आणि भट्टीची शक्ती काबूत ठेवण्यास मदत करतो. कॅरमच्या पटावर भुरभुरली जाणारी बोरिक पावडर ती हीच. कोरडी असताना ती पोलादाचे फारसे काही बिघडवत नाही. पण गरम पृष्ठभागावर पाणी सतत झिरपत राहून आटत गेले, तर आम्लाचे दाट, ओलसर द्रावण तयार होते आणि ते साधे पोलाद वर्षाला काही इंच या वेगाने खाऊ शकते. दाबपात्राच्या आतील बाजूस स्टेनलेस स्टीलचे पातळ अस्तर असते, त्याला हे आम्ल बाधत नाही. मात्र ते अस्तर गंजाला रोखण्यासाठी असते, दाब पेलणे हे त्याचे काम नव्हे.

झाकण इतके गरम असते की त्याच्यावर सांडलेले पाणी तत्काळ उडून जाईल आणि मागे राहणारी पावडर निरुपद्रवी ठरेल, अशी केंद्रातील अभियंत्यांची समजूत होती. ही समजूत तपासून पाहण्याची सोयही तेथे नव्हती. झाकणाच्या वर उष्णतारोधक थर होता, दोहोंमध्ये शिखरापाशी जेमतेम दोन इंचांची फट होती, आणि पाहणी करायची ती भोवतालच्या पोलादी कड्याच्या तळाशी असलेल्या लहान झरोक्यांतून, काठीला कॅमेरा बांधून. कामगार या झरोक्यांना उंदरांची बिळे म्हणत. ते कापून मोठे करण्याचा प्रस्ताव १९९० पासून होता आणि तो दर वेळी पुढे ढकलला गेला. शिखराजवळचा भाग साठलेल्या पावडरीमुळे कॅमेऱ्याला दिसतच नव्हता. त्यामुळे जेथे पाहणे सर्वांत आवश्यक होते तीच जागा वर्षानुवर्षे न पाहिलेली राहिली.

तरीही झाकणाने खुणा दिल्या नाहीत असे म्हणता येणार नाही. भट्टीच्या इमारतीतील हवेचा किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांचे फिल्टर एरवी महिन्यातून एकदा बदलावे लागत; १९९९ च्या अखेरीस ते एक दिवसाआड बदलावे लागू लागले, आणि त्यांत अडकलेली तपकिरी धूळ लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे गंजाची, असल्याचे परीक्षणात दिसले. यावर व्यवस्थापनाने योजलेला उपाय म्हणजे इमारतीत हवा गाळणारी जादा यंत्रे आणून बसवणे. एप्रिल २००० मध्ये इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद असताना त्या झरोक्यांतून लालसर तपकिरी थर लाव्ह्यासारखे बाहेर ओघळून घट्ट झालेले आढळले व त्यांचे छायाचित्रही घेतले गेले. बोरिक आम्ल पांढरे असते. ते लाल दिसते याचा अर्थ त्यात लोह मिसळले आहे, हे ओळखण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. गरम पाण्याच्या फवाऱ्याने थर धुण्याचा एक प्रयत्न झाला, वेळ संपली, बराचसा थर तसाच राहिला; आणि काम पूर्ण झाल्याची नोंद मात्र सहीनिशी करण्यात आली.

येथे नियामकाची भूमिका सुरू होते. अमेरिकेचा अणू नियामक आयोग १९७५ पासून कार्यरत आहे. त्याआधीच्या अणुऊर्जा आयोगाकडे अणुऊर्जेचा प्रसार आणि तिच्यावरील देखरेख ही दोन्ही कामे होती, आणि ती एकाच हाती असणे योग्य नाही म्हणून नवी संस्था निर्माण झाली. प्रत्येक केंद्रावर तिचे निवासी निरीक्षक असतात. २००० पासून आयोगाने केंद्रांच्या कामगिरीला हिरवा, पांढरा, पिवळा आणि लाल असे रंग देण्यास सुरुवात केली, आणि त्या पद्धतीत डेव्हिस-बेसी हे चांगल्या केंद्रांत गणले जात होते. या रंगांसाठीची निर्देशक आकडेवारी केंद्र चालवणारी कंपनीच पुरवते, हे येथे लक्षात घ्यावे.

२००१ च्या प्रारंभी दक्षिण कॅरोलायनातील ओकोनी केंद्रात झाकणातील नळ्यांना परिघाच्या दिशेने तडे गेलेले आढळले. असा तडा पूर्ण फिरला तर नळी आतल्या दाबाने बाहेर फेकली जाऊन तेथून पाणी उसळेल, हा धोका ओळखून आयोगाने ऑगस्टमध्ये सर्व दाबजल केंद्रांना पत्रक पाठवले आणि सर्वाधिक जोखमीच्या केंद्रांनी ३१ डिसेंबरपर्यंत तपासणी करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. डेव्हिस-बेसी त्याच गटात होते. मालक कंपनी फर्स्टएनर्जी हिने मार्चअखेरच्या नियोजित बंद काळापर्यंत मुदत मागितली. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी भट्टी बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा नोव्हेंबरमध्ये तयार केला होता. पण तो निघाला नाही आणि १६ फेब्रुवारी २००२ ही तडजोडीची तारीख ठरली. दोन वर्षांपूर्वीचे ते लाल छायाचित्र निर्णय घेणाऱ्यांपुढे आलेच नव्हते. आयोगाच्याच महानिरीक्षकाने वर्षअखेरीस दिलेल्या अहवालात, कंपनीचे आर्थिक नुकसान कमी व्हावे ही इच्छा या निर्णयामागे मोठ्या प्रमाणात होती, आणि धोका असल्याचा निर्विवाद पुरावा हवा असा अवाजवी निकष कर्मचाऱ्यांनी स्वतःवरच लादून घेतला होता, असे ताशेरे ओढले. आयोगाच्या अध्यक्षांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. तरी निकषाविषयीचा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे, कारण परवान्याचे तत्त्वच असे आहे की भट्टी सुरक्षित असल्याची वाजवी खात्री परवानाधारकाने द्यायची असते, ती असुरक्षित असल्याचे नियामकाने सिद्ध करायचे नसते.

फेब्रुवारीत भट्टी बंद झाली आणि ध्वनितरंगांच्या तपासणीत पाच नळ्यांना तडे आढळले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या क्रमांकाच्या नळीची दुरुस्ती चालू असताना, यंत्र काढून घेताच ती नळी कलली. साडेसहा इंच पोलादात घट्ट बसलेली नळी कलू शकत नाही, म्हणून साचलेली पावडर काढण्यात आली, तेव्हा नळीशेजारी अननसाएवढी पोकळी दिसली. पोलाद पूर्ण जाडीभर नाहीसे झाले होते आणि दीडशेपट दाब केवळ स्टेनलेस स्टीलच्या, एक सेंटिमीटरहूनही कमी जाडीच्या, त्या अस्तराने तोलून धरला होता. ते बाहेरच्या बाजूला फुगलेलेही होते. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गणनेनुसार भट्टी तशीच चालत राहिली असती तर अस्तर आणखी दोन ते तेरा महिन्यांत फाटले असते.

फाटल्यावर गाभा थंड ठेवण्यासाठी आपत्कालीन पंप होते, हे खरे. पण झाकणानिमित्त सर्वच यंत्रणांची झडती सुरू झाली तेव्हा असे दिसले की सांडलेले पाणी परत खेचणाऱ्या तळटाकीची जाळी कचऱ्याने तुंबू शकते आणि उच्च दाबाचे पंप त्या पाण्यातील कणांनी निकामी होऊ शकतात. म्हणजे एका संरक्षणामागे दुसरे आणि दुसऱ्यामागे तिसरे, ही अणुसुरक्षेची जी मूळ रचना, तिच्या मागच्या भिंतीही समजल्या जात होत्या तितक्या भक्कम नव्हत्या. केंद्र मार्च २००४ पर्यंत बंद राहिले. मिशिगनमधील मिडलँड येथे अर्धवट सोडलेल्या प्रकल्पाचे झाकण आणून बसवण्यात आले, आयोगाने ५४.५ लाख डॉलरचा तोपर्यंतचा सर्वांत मोठा दंड ठोठावला आणि २००६ मध्ये न्याय विभागाशी झालेल्या करारानुसार कंपनीला आणखी २ कोटी ८० लाख डॉलर भरावे लागले. झाकणांची नेमकी पाहणी सक्तीची करणारे आदेश २००३ मध्ये निघाले. २०१० मध्ये याच केंद्रातील बदललेल्या झाकणाच्या नळ्यांना पुन्हा तडे आढळले, मात्र या वेळी पोलाद झिजण्यापूर्वीच.

भारतातील बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत आणि त्यांची रचना वेगळी आहे. बोरिक आम्लमिश्रित दाबजल कूडनकुलमच्या भट्ट्यांत वापरले जाते. पण वापरासोबत धातू झिजण्याचा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २०२० पासून बंद ठेवून पाण्याच्या मुख्य पाइपांच्या बदलाचे काम हाती घ्यावे लागले, तर ११ मार्च २०१६ रोजी गुजरातमधील काक्रापारच्या पहिल्या भट्टीत शीतक नळीतून गळती झाली आणि नळ्यांच्या बाहेरील पृष्ठभागावर गंजाचे डाग आढळले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले, मुंबईत अणुशक्तिनगरला मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ या केंद्रांना ठरावीक मुदतीचे परवाने देते आणि निरीक्षक पाठवते. हे मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, त्याचे अध्यक्षपद अणुऊर्जा विभागाच्या सचिवांकडेच असल्याने त्याच्या स्वायत्ततेवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात बोट ठेवले होते. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर रद्दबातल झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि त्याच कायद्याने अणुवीज निर्मितीत खासगी कंपन्यांना प्रवेशही दिला.

वीजविक्री थांबल्याने रोजचा तोटा सोसावा लागणारी कंपनी आणि तपासणीची तारीख ठरवणारा नियामक यांच्यातील ओढाताण आता भारतातही होणार हे उघड आहे. या कायद्याखालील नियम तयार होतील तेव्हा तपासणी पुढे ढकलण्याची मागणी आल्यास सुरक्षिततेचा पुरावा कोणी द्यायचा आणि निरीक्षकांचे अहवाल पूर्ण स्वरूपात जनतेसाठी खुले राहतील की नाही, ही दोन कलमे वाचकांनी आवर्जून शोधून वाचावीत.