इंटरनेटवरून अक्षरांचा प्रवास : उर्दू-मराठी शिक्षकांसाठी काही मूलभूत माहिती

प्रश्नपत्रिका, टिपणे व शोधनिबंध ईमेलने पाठविणे ही आता आपल्या महाविद्यालयांत नित्याची बाब आहे. मात्र जुनी फाइल उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन गर्दी दिसते, असा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. अशा वेळी दोष नेटला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा नेटचा नसतो. हे समजण्यासाठी इंटरनेट नेमके काय वाहून नेते, ते पाहणे आवश्यक आहे.

प्रोटोकॉल म्हणजे काय?

दोन संगणकांनी परस्परांशी व्यवहार कसा करावा, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. विंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या आराखड्यातून टीसीपी व आयपी हे दोन प्रोटोकॉल विकसित झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने ते स्वीकारले. ईमेलची देवाणघेवाण आजही याच दोहोंवर चालते.

पाठवायच्या मजकुराचे लहान तुकडे केले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये सामान्यतः जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालणे हे आयपीचे काम. वाटेतील राउटर तो पत्ता वाचून पॅकेट पुढे पाठवितात. पॅकेट पोहोचेलच, याची हमी आयपी देत नाही. ही उणीव टीसीपी भरून काढते. ती बाइटना क्रमांक देते, पलीकडून पोच मागते, पोच न आल्यास तेच बाइट पुन्हा पाठविते आणि मागेपुढे आलेले तुकडे क्रमाने लावते.

येथे जाळ्याची जबाबदारी संपते. पोहोचलेले बाइट म्हणजे ० ते २५५ यांमधील आकडे होत. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे टीसीपीला व आयपीला ठाऊक नसते. ते दोन्ही टोकांच्या संगणकांनी ठरवायचे असते.

आकडा आणि अक्षर

जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत. तो फॉन्ट घेणाऱ्याकडे नसेल, तर संगणक त्या क्रमांकांची मूळ रोमन अक्षरेच दाखवितो. उर्दूसाठी वापरल्या जाणाऱ्या इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांची संकेतपद्धतीही स्वतंत्र होती.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. हे क्रमांक बाइटमध्ये मांडण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. ‘किताब’ हा शब्द घेऊ. देवनागरीत क, ऱ्हस्व वेलांटी, त, काना व ब असे ५ घटक होतात. प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे एकूण १५. उर्दू लिपीत काफ, ते, अलिफ व बे ही ४ अक्षरे. प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एकूण ८.

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तथापि वाचनाच्या क्रमानुसार काफचेच बाइट आधी जातात. ते अक्षर उजवीकडे मांडणे व पुढील अक्षराशी जोडणे हे घेणाऱ्या संगणकाचे काम आहे.

एक दक्षता मात्र घ्यावी. युनिकोडमध्ये अरबीचा काफ व उर्दूचा काफ यांचे क्रमांक भिन्न आहेत. अरबी कळफलकावर टाइप केलेला उर्दू शब्द बरोबर दिसला, तरी शोध घेताना तो सापडेलच असे नाही.

शिक्षकांनी काय करावे?

नवे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाइली त्यांचे फॉन्ट व सॉफ्टवेअर हाताशी आहेत तोवर रूपांतरित कराव्यात आणि छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. कारण रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडण्याचा संभव असतो. विभागातील शब्दसूची, टिपणे व प्रबंध ही पुढील विद्यार्थ्यांची ठेव आहे. टीसीपी त्यातील एकेक बाइट त्यांच्यापर्यंत पोहोचवील. तो वाचता यावा, याची तजवीज आपणच करायची आहे.