समुद्रावरील जोखीम आणि तिची वांटणी

समुद्रमार्गें चालणारा व्यापार लाभाचा खरा. परंतु त्यांतील जोखीमही तशीच मोठी. घाटांत गाडी उलटली तर निदान कांहीं माल हातीं लागतो. भर समुद्रांत जहाज फुटलें म्हणजे जहाज आणि माल हीं एकदमच तळाला जातात. असा घाला एकट्या व्यापाऱ्यावर पडला तर त्याचें दिवाळें निघण्यास दुसरें कारण नको. तोच शंभरांत वांटला गेला तर प्रत्येकास थोडी तोशीस लागते, पण बुडत कोणीच नाहीं. सागरी विम्याचें सारें शास्त्र या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

ही कल्पना भारतांत नवीन नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत रानांतून प्रवास करणाऱ्या ऋणकोला शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २० व्याज सांगितलें आहे. समुद्रावर व्याजाबरोबर मुद्दलही बुडण्याची भीति, म्हणून हा चढा दर. पुढें पश्चिम किनाऱ्यावरील पेढ्यांत जोखमी हुंडी चालूं लागली. माल रवाना करणारा व्यापारी त्या मालावर हुंडी लिही. माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे मिळावयाचे. जहाज बुडालें तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. अर्थात् ती हुंडी घेणारा सावकार एका हातानें कर्ज देई आणि दुसऱ्या हातानें समुद्राची जोखीम पत्करी.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें एडवर्ड लॉइड याचें कॉफीगृह होतें. नाखवे, जहाजमालक आणि व्यापारी तेथें जमत व जहाजांच्या बातम्या एकमेकांस सांगत. ज्याला विमा हवा असे, त्याच्या जहाजाचें नांव, माल आणि सफर एका कागदावर मांडली जाई. आणि जोखीम पत्करणारे आपापला वांटा लिहून खालीं सही करीत. विमेवाल्याला इंग्रजींत ‘खालीं सही करणारा’ अशा अर्थाचें नांव पडलें तें यामुळेंच. त्या कॉफीगृहांतून लॉइड्स ही जगप्रसिद्ध संस्था वाढली. १७९९ सालीं ल्यूटीन नांवाचें सोन्याचांदीनें भरलेलें जहाज हॉलंडच्या किनाऱ्याजवळ बुडालें. रक्कम जबर होती, तरी लॉइड्सच्या विमेवाल्यांनीं ती चुकती केली. १८५८ सालीं त्या जहाजाची घंटा समुद्रांतून काढण्यांत आली व पुढें ती लॉइड्सच्या दालनांत टांगली गेली. उशीर झालेलें जहाज बुडाल्याची वार्ता आली म्हणजे एक टोला, आणि तें सुखरूप असल्याची वार्ता आली म्हणजे दोन टोले देण्याचा प्रघात पडला. जोखमीचे वांटेकरी अनेक, म्हणून बातमीही सर्वांना एकाच क्षणीं कळावी, हा त्यांतील हेतु.

वांटणी करावयाची तर विश्वास हवा. विमेवाला पेढीवर बसलेला असतो. जहाज किती जुनें, माल कसा बांधला, तो जहाजाच्या पोटांत ठेवला कीं उघड्या डेकवर, हें त्याला दिसत नाहीं. म्हणून विमा घेणाऱ्यानें महत्त्वाची माहिती लपवूं नये, हें तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानें १७६६ सालच्या एका निकालांत स्पष्ट मांडलें. ब्रिटनच्या १९०६ सालच्या सागरी विमा कायद्यांत तें आलें, आणि त्याच धर्तीवर झालेल्या भारताच्या १९६३ सालच्या कायद्यांतही त्याला स्थान मिळालें. खरें लपवून हप्त्यांत वांचविलेले चार पैसे दाव्याच्या वेळीं सबंध भरपाई घालवून बसतात.

आतां नुकसानीचे प्रकार पाहूं. सबंध जहाज किंवा सबंध माल गेला तर तें पूर्ण नुकसान. मालाच्या एका भागाला पाणी लागलें तर तें अंशतः नुकसान; तें ज्याचें त्यानें सोसावयाचें व विमापत्राच्या अटींप्रमाणें आपल्या विमेवाल्याकडून भरून घ्यावयाचें. तिसरा प्रकार मात्र निराळा आहे. वादळांत जहाज हलकें करण्यासाठीं कप्तान कांहीं माल जाणूनबुजून समुद्रांत टाकतो व त्यामुळें बाकीचें सारें वांचतें. एकाच्या त्यागानें सर्वांचें रक्षण झालें तर तो त्याग सर्वांनीं भरून द्यावा, असा ऱ्होड्स बेटावरील दर्यावर्दी लोकांचा म्हणून मानला जाणारा नियम रोमन सम्राट् जस्टिनियन याच्या कायदेसंग्रहांत नमूद आहे. यालाच जनरल ॲव्हरेज म्हणतात. मराठींत त्यास सामाईक हानि म्हणतां येईल.

समजा, जहाजाची किंमत ६० लाख रुपये आहे आणि तीन व्यापाऱ्यांचा माल अनुक्रमें २०, १५ व ५ लाखांचा आहे. एकूण १०० लाख. तिसऱ्याचा ५ लाखांचा माल टाकावा लागला. म्हणजे हानि शेकडा ५ झाली. जहाजमालकानें ३ लाख, पहिल्यानें १ लाख व दुसऱ्यानें ७५ हजार द्यावयाचे. तिसऱ्याच्या हातीं ४ लाख ७५ हजार येतील. उरलेले २५ हजार हा त्याचा स्वतःचा वांटा. त्यागलेल्या मालाचा धनीही वांट्यांतून सुटत नाहीं, ही यांतील न्यायबुद्धि लक्षांत घेण्यासारखी आहे.

हा नियम केवळ शिडांच्या जहाजांच्या काळचा नव्हे. २३ मार्च २०२१ रोजीं एव्हर गिव्हन हें सुमारें ४०० मीटर लांबीचें जहाज सुएझच्या कालव्यांत आडवें रुतलें. त्यावर मालाच्या सुमारें १८,३०० पेट्या, म्हणजे कंटेनर, होत्या; आणि त्यावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. २९ मार्च रोजीं तें मोकळें झालें व लवकरच त्याच्या जपानी मालकानें सामाईक हानि जाहीर केली. कालव्याच्या अधिकाऱ्यांनीं प्रथम सुमारें ९१ कोटी ६० लक्ष डॉलरांची मागणी केली, पुढें ती ५५ कोटींवर आणली, आणि तडजोड होऊन ७ जुलै रोजीं जहाज सुटलें. तोंवर त्यावरील मालही अडकून पडला.

अशा प्रसंगीं लहान व्यापाऱ्यास प्रश्न पडतो कीं, आपली पेटी शाबूत असतांना पैसे कां द्यावे? उत्तर वरच्या हिशेबांतच आहे. ज्याचें वांचलें त्यानेंच द्यावयाचें असतें. विमा असेल तर विमेवाल्याची हमी मिळते व माल सुटतो. विमा नसेल तर रोख अनामत ठेवल्याखेरीज स्वतःची पेटीही ताब्यांत येत नाहीं. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. केवळ उशिरामुळें झालेलें नुकसान सामान्य सागरी विम्यांत धरलें जात नाहीं. हंगाम टळून मालाचा भाव उतरला तर तो तोटा व्यापाऱ्याचाच.

दावा कसा करावा हें विमा घेतांनाच समजून घ्यावें. उतरवून घेतांना पेटी फुटलेली, भिजलेली किंवा सील तुटलेली दिसल्यास बिनशेऱ्याची पावती देऊं नये. विमेवाल्यास तत्काळ कळवून सर्व्हेअरकडून पाहणी करवावी. जहाजकंपनीलाही लेखी नोटीस द्यावी. १९२४ सालचे हेग नियम जेथें लागू आहेत, तेथें वरून न दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस तीन दिवसांच्या आंत द्यावयाची असते आणि फिर्याद एक वर्षाच्या आंत करावी लागते. विमापत्र, बीजक, बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर चढविल्याचा दस्तऐवज, आणि पाहणीचा अहवाल हे कागद एकत्र ठेवावे. विमा आहे म्हणून भिजलेला माल कुजूं देऊं नये. विमा नसता तर शहाणा मनुष्य जसा वागला असता तसें वागून उरलेला माल वांचवावा. त्याचा वाजवी खर्च विमेवाल्याकडून मागतां येतो. भरपाई दिल्यावर दोषी पक्षाकडून वसुली करण्याचा हक्क विमेवाल्याकडे जातो. म्हणून जहाजकंपनीशीं परस्पर तडजोड करणें धोक्याचें असतें.

सफर निर्विघ्न पार पडली म्हणजे हप्ता फुकट गेला, असें कित्येकांस वाटतें. तो फुकट जात नाहीं. त्याच वेळीं दुसऱ्या एखाद्या समुद्रावर कोणाची तरी सारी पुंजी बुडालेली असते, आणि सुखरूप पोंचलेल्यांच्या हप्त्यांतून ती भरून निघत असते.