नगरचा कान, मुंबईची कात्री

'पिस्तुल्या' हा जेमतेम पंधरा मिनिटांचा लघुपट. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात नागराज मंजुळे कम्युनिकेशन स्टडीज शिकत होते, तेव्हा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो झाला. शाळेची ओढ लागलेल्या पारधी पोराची ही गोष्ट ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा सन्मान घेऊन आली. पुढे 'फँड्री' आला. त्याची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. त्याच्या शेवटी नायक जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो आणि चित्रपट तिथेच थांबतो. त्या दगडावर लेख लिहिले गेले, परिसंवाद झाले. पण तो दगड हातातून सुटल्यावर चित्र किती वेळ ठेवायचं आणि कुठे तोडायचं, याचा हिशेब ज्या टेबलावर झाला, त्या टेबलाबद्दल फारसं कोणी बोललं नाही. 'फँड्री'चे संकलक चंदन अरोरा आणि 'सैराट'चे कुतुब इनामदार. 'सैराट'च्या अखेरच्या प्रसंगातून आवाज काढून घेतल्यावर चित्रपटगृह कसं गोठून जायचं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. तिथे संगीत भरून ठेवणं किती सोपं होतं!

मोठ्या पडद्याच्या संकलकाचं नाव निदान श्रेयनामावलीत वाचता तरी येतं. टीव्हीच्या एडिटरच्या वाट्याला तेवढंही येत नाही. मालिकेचा भाग संपता संपता नावं पळत जातात आणि बातमीत तर ती नसतातच. रोज घराघरांत जे दिसतं त्यावर शेवटचा हात याच माणसाचा असतो, म्हणून त्याच्या कामाकडे जरा जवळून पाहायला हवं.

आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं उरतात, म्हणजे ३३ हजार फ्रेम. आठवड्यातून पाच-सहा दिवस एवढा माल तयार व्हावा लागतो. सेटवरून कार्डं येतात. असिस्टंट चित्र आणि आवाज जुळवतो, सीनप्रमाणे लावून ठेवतो. मग एडिटर रफ कट लावतो. त्यावर दिग्दर्शकाच्या आणि चॅनेलच्या सूचना येतात. त्यानंतर पार्श्वसंगीत, रंग, तपासणी आणि एअर. आधीच तयार ठेवलेल्या एपिसोडची बँक असेल तर श्वास घेता येतो. बँक संपली की सकाळी चित्रित झालेलं संध्याकाळी दाखवायची वेळ येते. लांबी कमी भरली की एकाच वाक्यावर तिघांच्या रिअॅक्शन लावून मिनिट भरून काढायचं, हीदेखील एडिटरचीच जबाबदारी. मालिकांतल्या त्या लांबलेल्या नजरांना आपण हसतो. बहुतेक वेळा त्यामागे कमी पडलेलं फुटेज आणि तोंडावर आलेली वेळ असते.

हे काम पूर्वी वेगळ्या तऱ्हेने व्हायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला टीव्हीचं अंग जोडलं गेलं ते १९७४मध्ये. पुढे टेपचा जमाना आला, यू-मॅटिकचा आणि मग बीटाकॅमचा. एका मशीनवरून दुसऱ्यावर शॉट क्रमाने उतरवायचे. मध्येच एखादा शॉट घालून लांबी वाढली, की त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवायचं, आणि प्रत्येक प्रतीमागे चित्र थोडं आणखी विटायचं. त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार पुरा करावा लागे. कंप्युटरवरच्या एडिटिंगने ही धास्ती संपवली. शॉट हवा तिथे सरकवा, नको असेल तर परत आणा. ही सोय फार मोठी, यात शंका नाही. पण आधी विचार करण्याची सक्तीही त्या धास्तीबरोबर गेली.

संकलक वामन भोसले यांची वाट या ठिकाणी आठवते. गोव्यातल्या पोंबुर्पा गावचा हा माणूस बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकला. नंतर फिल्मिस्तानमध्ये त्यांनी बारा वर्षं असिस्टंटकी केली. 'दो रास्ते'ने त्यांना नाव दिलं, 'इन्कार'ने राष्ट्रीय पुरस्कार. बारा वर्षं दुसऱ्याचा हात पाहत शिकणं आज कुणाला परवडणार नाही, आणि तशी अपेक्षाही मी करणार नाही. पण त्या वर्षांत भोसले काय शिकले असतील? सॉफ्टवेअर तर तेव्हा नव्हतंच. तिथे कमवायची होती ती नजर आणि कान.

कानाचं म्हणणं एका उदाहरणाने सांगतो. समजा, पारनेरच्या एका वाडीवर वार्ताहर शेतकऱ्याला पाण्याबद्दल विचारतो. शेतकरी आधी विहिरीकडे बघतो. चार सेकंद काहीच बोलत नाही. मग म्हणतो, "टँकर दिले सरकारनं, न्हाय म्हणत न्हाय. पण वाडीपर्यंत येतोय कुठं?" पॅकेज दीड मिनिटाचं आहे, या बाईटला, म्हणजे शेतकऱ्याच्या बोलण्याला, मिळालेत दहा सेकंद. घाईतला एडिटर पहिल्यांदा ती चार सेकंदं उडवतो. त्याच्या लेखी ती रिकामी जागा. पण नगरकडचा माणूस लगेच तक्रारीला हात घालत नाही. पाहुण्याला आधी गप्प राहून उत्तर देतो. त्या विहिरीकडे पाहण्यात अर्धी बातमी आहे. पुढचा प्रश्न वाक्याचा. पहिला भाग ठेवला तर सरकारचं कौतुक होतं, दुसराच ठेवला तर नुसती ओरड होते. माणूस मात्र दोन्ही म्हणालाय, आणि त्याच्या बोलण्याचं वजन त्या 'पण'वर आहे. मधला तुकडा काढला की चेहरा पडद्यावर टचकन उडी मारतो. तो लपवायला वरून रिकाम्या हंड्यांचा कटअवे टाकतात. आवाज सलग वाहतो, चित्र बदलतं, आणि काही कापलंय हे बघणाऱ्याला कळतही नाही. या कटअवेच्या खाली एडिटरचा प्रामाणिकपणा तपासायचा असतो. पुण्या-मुंबईच्या डेस्कवर ही बोली न ऐकलेला, पण कामात वाकबगार असलेला एडिटर इथे चुकू शकतो. जामखेड, पाथर्डी, अकोल्याकडून आलेल्या पोराला तो 'पण' आपोआप ऐकू येतो.

नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, टीव्हीला काही नवा नाही. शिर्डीवर 'मेरे साई' चालली, चौंडीच्या लेकीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई'. दोन्ही हिंदीत, सेटवर उभ्या केलेल्या गावांत. २०११च्या एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये अण्णा हजारेंच्या दिल्लीतल्या उपोषणांमुळे त्यांचं राळेगणसिद्धी देशभरच्या पडद्यावर पोचलं. तिथे एडिटरला कापायला वेळच नव्हता, सगळं थेट प्रक्षेपण. पण राळेगणची खरी गोष्ट सुरू होते १९७५पासून, आणि हिवरे बाजारची १९८९पासून, पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हापासून. कमी पावसाच्या मुलखात बांध घालायचे, चराईबंदी पाळायची, विहिरींची पातळी मोजत राहायची. ही वर्षानुवर्षांची गोष्ट चार मिनिटांच्या पॅकेजमध्ये कशी बसवणार? सोपा मार्ग ठरलेला असतो: आधीचा उजाड डोंगर, डिझॉल्व्ह, आताचा हिरवा डोंगर. मला हा डिझॉल्व्ह खोटा वाटतो. त्याने मधल्या सगळ्या ग्रामसभा, भांडणं, बोअरवेल आणि उसावरचं बंधन गिळून टाकलं. चांगला एडिटर त्या मधल्या काळासाठी जागा काढतो, मग भले हिरव्या डोंगराचे दोन शॉट कमी पडोत.

काही ठिकाणी संकलकाचा हात कायद्याने बांधलेला आहे, आणि तो तसाच हवा. जुलै २०१६मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाल्याची घटना घडली. अशा प्रकरणात पोक्सो कायद्याच्या कलम २३ने अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करायला मनाई आहे. नुसता फोटो धूसर केला की काम झालं, असं नाही. घराचं दार, शाळेची पाटी, आईवडिलांचा चेहरा, यातलं काहीही ओळख सांगून जातं. दहा मिनिटांत बातमी सोडायची असताना प्रत्येक फ्रेममध्ये हे शोधणारा माणूस एडिटर असतो. त्याच घटनेनंतर राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. लाखो माणसं चालतायत आणि घोषणा एकही नाही. त्या दृश्यांखाली ढोल किंवा करुण धून घालणं म्हणजे मोर्चाचं म्हणणंच पुसून टाकणं. पावलांचा आवाज तेवढा पुरेसा होता.

आज या धंद्यात शिरणं सोपं झालंय. लॅपटॉप आणि फुकट मिळणारं दा विंची रिझॉल्व्ह एवढ्यावर सुरुवात होते. संगमनेर, श्रीरामपूर, नगरमध्ये कित्येक मुलांनी लग्नाच्या व्हिडिओवर हात बसवला. मी ती शाळा कमी लेखत नाही. मंगलाष्टकं पुन्हा शूट होत नाहीत, त्यामुळे चुकलेल्या शॉटमधूनही वाट काढायला ती शिकवते. अडचण पुढे आहे. मुंबईत गेल्यावर रात्रपाळ्या, बारा-बारा तास खुर्ची, डोळे, मान, पाठ, आणि वर 'हा फक्त बटणं दाबतो' ही समजूत. हाताशी भाषा असलेली मुलं मग दमून गावाकडे परततात, नाहीतर भाषाच विसरून टिकून राहतात. नुकसान दोन्हीकडे आपलंच.

म्हणून दोन मागण्या. वाहिन्यांनी बातमीच्या पॅकेजवर वार्ताहराच्या नावासोबत व्हिडिओ एडिटरचंही नाव द्यावं. पट्टीवर एक ओळ जाते, खर्च काही नाही. दुसरी मागणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडे. तालुक्याच्या गावांतून केबलवर वर्षानुवर्षं स्थानिक बातम्या चालल्या. त्यांच्या न कापलेल्या टेप कुणाच्या तरी माळ्यावर बुरशी धरत पडल्या आहेत. टेप फार वर्षं तग धरत नाही, आणि ती चालवणारी मशीनही दुर्मीळ होत चालली आहेत. त्या गोळा करा, डिजिटल करा आणि एडिटिंग शिकणाऱ्या मुलांसमोर ठेवा. वाचकांपैकी कुणाकडे अशा कॅसेट असतील, तर भंगारात घालण्याआधी जवळच्या कॉलेजात एकदा विचारून पाहा.