रोमची सही आणि काशीची संमती

वाराणसीच्या छावणी भागातील सेंट मेरी कॅथेड्रल हे एका कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. हा धर्मप्रांत १९७० साली रोमच्या आदेशाने निर्माण झाला. पहिले बिशप पॅट्रिक डिसोझा यांच्यापासून २०१५ साली नेमले गेलेले यूजीन जोसेफ यांच्यापर्यंत प्रत्येक नियुक्तीत अखेरचा शब्द पोपचाच राहिला. दिल्लीतील पोपचे राजदूत चौकशी करून तीन नावे रोमला धाडतात आणि निवड पोप करतात. भारताचे व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध १९४८ पासून आहेत. मात्र बिशपांच्या नेमणुकीसंबंधी चीनने २०१८ साली व्हॅटिकनशी जसा करार केला, तशी व्यवस्था येथे नाही. मग ही भारतीय भूमीवर चालणारी परकीय सत्ता मानायची काय? राजधानीत हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो, म्हणून या पदाच्या अधिकाराचे स्वरूप नीट तपासणे अगत्याचे आहे.

१९८३ च्या चर्चसंहितेनुसार पोपचा अधिकार सर्वोच्च, पूर्ण आणि थेट आहे; त्यांचा न्याय करणारे दुसरे पीठ नाही. काशीला मात्र धर्मसत्तेचा निराळाच प्रकार परिचित आहे. १६५७ साली मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली, ती कोकणातील देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जासंबंधी निर्णय देण्यासाठी. त्या निर्णयपत्रावर सत्तरांहून अधिक जणांची संमती नोंदली गेली. मूळच्या पैठणच्या घराण्यातील गागाभट्टांनी काशीहून येऊन ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला, तोही कोणा एका धर्मपीठाने नेमले म्हणून नव्हे, तर त्यांच्या विद्वत्तेला मान होता म्हणून. काशीचा निर्णय समाजाने मानला तरच चाले. रोमचा निर्णय पदावरून येतो आणि सहीनिशी लागू होतो.

परंतु ज्या सत्तेला आपण परकीय म्हणतो, तिनेच येथील चर्चला स्वकीय नेतृत्व दिले, हेही विसरता येत नाही. पोर्तुगालच्या राजसत्तेला पूर्वेकडील बिशप सुचवण्याचा हक्क पोपनीच दिला होता. त्यातून गोव्याचे आर्चबिशप आणि रोमने थेट नेमलेले धर्माधिकारी यांच्यात मुंबईत दीर्घकाळ तंटे झाले. अखेर १९२८ च्या करारात मुंबईचे आर्चबिशपपद आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश व्यक्तीकडे जावे असे ठरले. त्यात भारतीयाला जागाच नव्हती! १९५० साली पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ साली तेच पहिले भारतीय कार्डिनल ठरले. फ्रान्सिस यांच्या निधनानंतर मे २०२५ मध्ये लिओ चौदावे यांची निवड झाली, तेव्हा मतदान करणाऱ्या कार्डिनलांमध्ये चार भारतीय होते. गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव हे त्यांतील एक.

अर्थात, चर्चच्या आत निरंकुश दिसणारा हा अधिकार न्यायालयाच्या उंबरठ्यावर थांबतो. चर्चच्या न्यायपीठाने रद्द ठरवलेला विवाह तेवढ्याने दिवाणी कायद्यात रद्द होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कायम ठेवली. दारिद्र्याची शपथ घेतलेल्या जोगिणी व धर्मगुरू अनुदानित शाळांतील वेतन स्वतःकडे ठेवत नाहीत, म्हणून प्राप्तिकराची कपात नको, हा युक्तिवादही न्यायालयाने २०२४ साली फेटाळला. रोमचा कायदा पाळण्यास हरकत नाही. त्यामुळे देशाच्या कायद्यातून सुटका मात्र होत नाही.

वाराणसीत या सत्तेची आणखी एक सीमा दिसते. शहराबाहेरील मातृधाम आश्रमात प्रार्थनेला मोठ्या संख्येने 'ख्रिस्तभक्त' येतात. त्यांतील बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. ते येशूला भजतात आणि आपापल्या घरी, जातीत, गावात पूर्वीसारखेच राहतात. चर्चसंहिता बाप्तिस्मा झालेल्यांनाच बांधते. त्यामुळे पोपचा हुकूम या भक्तांना लागू नाही. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र द्यावयाचे असते. पण जो धर्म बदलतच नाही, त्याने घोषणा कशाची करावी?

येथे कसोटी पोपची नसून आपल्या प्रशासनाची आहे. आश्रमातील गर्दी पाहून प्रत्येकाला धर्मांतरित समजणारा अधिकारी रोमनेही न सांगितलेला अधिकार रोमला बहाल करतो, आणि नागरिकाची श्रद्धा त्याच्या हातून काढून घेतो. बिशप कोणी नेमला याची चिंता दिल्लीने अवश्य करावी. मात्र हात जोडून बसलेला माणूस कोणाचा, याचे उत्तर रोमला विचारण्याचे कारण नाही. तो या देशाचा नागरिक आहे.